'द बॅरेट्स ऑफ विंपोल स्ट्रीट' आणि ब्राउनिंग दांपत्याचा संसार: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

एलिझाबेथ बॅरेट आणि रॉबर्ट ब्राउनिंग हे व्हिक्टोरियाकालीन इंग्लंडमधले दोन मोठे कवी. त्यांच्या प्रेमावर आणि पळून जाऊन केलेल्या लग्नावर रुडॉल्फ बेसियर यांनी लिहिलेलं हे नाटक 1930 साली रंगमंचावर आलं. नाटक वाचलेले, त्याचा चित्रपट पाहिलेले किंवा आता ते बसवायला निघालेले लोक जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, त्यांची उत्तरं इथे दिली आहेत. काही उत्तरं लांबली आहेत, कारण या दोघांबद्दल पसरलेली गोड दंतकथा खऱ्या माणसांवर अन्याय करते असं मला मनापासून वाटतं.

नाटकाची गोष्ट थोडक्यात काय आहे?

लंडनमधल्या 50, विंपोल स्ट्रीट या घरातली एक खोली. पाचही अंक तिथेच घडतात. सोफ्यावर पडून असलेली एलिझाबेथ चाळिशीला टेकलेली आहे. ती आजारी आहे आणि कवयित्री म्हणून देशभर नावाजलेली आहे. खाली घरभर भावंडं वावरतात, पण वडिलांची पावलं जिन्यावर वाजली की सगळी गप्प होतात. एडवर्ड मोल्टन-बॅरेट यांचा दंडक असा की आपल्या एकाही मुलाने किंवा मुलीने लग्न करायचं नाही. अशा घरात रॉबर्ट ब्राउनिंग नावाचा तिच्याहून सहा वर्षांनी लहान कवी येतो, आणि शेवटी ती त्याच्याबरोबर निघून जाते.

अंकांना नावं आहेत. दुसऱ्या अंकाचं नाव 'मिस्टर रॉबर्ट ब्राउनिंग' आणि तिसऱ्याचं नुसतं 'रॉबर्ट'. दोघांमधलं अंतर किती कमी झालं हे पडदा उघडण्याआधीच कळतं. पाचव्या अंकाचं नाव 'पपा' आहे. शेवटचा अंक बेसियरने प्रियकराच्या नाही, बापाच्या नावावर केला, आणि नाटकाचं खरं वजन तिथेच आहे.

मग यात दोघांचा संसार कुठे आहे?

नाही. नाटक घराच्या दाराशी संपतं. दोघांचं लग्न 12 सप्टेंबर 1846 रोजी सेंट मेरिलबोन चर्चमध्ये झालं आणि 1861 साली एलिझाबेथ गेली. मधल्या पंधरा वर्षांबद्दल नाटक एक अक्षरही बोलत नाही. म्हणून 'पुढे ती सुखाने नांदली' एवढंच प्रेक्षक मनात धरून जातो. ती नांदली हे खरं, पण कसं, ते खाली येईल.

वडील खरोखर इतके कठोर होते का?

लग्नबंदी खरी होती, आणि ती मुलींपुरती नव्हती. एलिझाबेथची बहीण हेन्रिएटा हिने 1850 साली कॅप्टन सरटीस कुकशी लग्न केलं, तिला घर बंद झालं. 1855 साली आल्फ्रेड या मुलाने लग्न केलं, त्याचीही तीच गत. एलिझाबेथने इटलीतून वर्षानुवर्षं पत्रं पाठवली. 1851 साली ती लंडनला आली तेव्हा ती सगळी पत्रं तिला एका गठ्ठ्यात परत मिळाली, एकाचंही सील फोडलेलं नव्हतं. त्यातली काही शोकाच्या काळ्या कडेच्या कागदावर होती. मुलीवर कोणता प्रसंग ओढवला असेल, हे पाहण्यासाठीसुद्धा त्यांनी पाकीट उघडलं नाही. 1857 साली ते वारले तोवर त्यांनी तिला क्षमा केली नाही.

पण याच माणसाने तिच्या लहानपणी तिच्या कवितांचं कौतुक केलं, तिचं पहिलं काव्य स्वखर्चाने छापून घेतलं, तिला भावाच्या बरोबरीने ग्रीक शिकू दिलं. त्या काळात मुलीला असं शिक्षण देणारे बाप फार नव्हते. त्यामुळे नाटकातल्या बापाला नुसता राक्षस करून उभं केलं की अर्धं सत्य हरवतं. एलिझाबेथ त्यांना अखेरपर्यंत पत्रं लिहीत राहिली, हे विसरून चालणार नाही.

बेसियर आणखी पुढे जातो. शेवटच्या अंकात बाप मुलीला जवळ ओढतो आणि त्या प्रेमात बापपणापलीकडचं काही आहे हे तिला जाणवून ती हादरते. याला चरित्रात पुरावा नाही, हा नाटककाराने काढलेला अर्थ आहे. लंडनच्या प्रयोगांच्या वेळी बॅरेट यांच्या वंशजांनी त्यावर उघड नाराजी व्यक्त केली होती. तो प्रवेश रंगमंचावर जबरदस्त आहे, पण त्याला इतिहास समजू नये.

रॉबर्टने एलिझाबेथला त्या घरातून सोडवलं, असं म्हणणं बरोबर आहे का?

सर्वांत जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच, आणि माझं उत्तर आहे: नाही, ती स्वतःच्या पायांनी बाहेर पडली.

आधी दोघांच्या नावाकडे बघा. 1844 साली तिचे दोन खंड आले आणि ती इंग्लंडमधल्या आघाडीच्या कवींमध्ये गणली जाऊ लागली. रॉबर्टचं 'सॉर्डेलो' हे काव्य तेव्हा दुर्बोधतेसाठी बदनाम होतं. नाटकातही त्यावर विनोद आहे: एलिझाबेथ त्याला एका ओळीचा अर्थ विचारते, तर तो सांगतो की लिहिलं तेव्हा तो देवाला आणि मला ठाऊक होता, आता फक्त देवालाच ठाऊक आहे. आपल्या एका कवितेत तिने त्याचा गौरवाने उल्लेख केला होता, आणि 10 जानेवारी 1845 रोजी त्याने पहिलं पत्र लिहिलं ते त्यानंतरच. तुमच्या कविता मला मनापासून आवडतात, आणि तुम्हीही आवडता, असं त्याने त्या पहिल्याच पत्रात लिहून टाकलं. प्रत्यक्ष भेट झाली 20 मे रोजी, म्हणजे चार महिन्यांहून अधिक काळाने. वीस महिन्यांत दोघांनी एकमेकांना पावणेसहाशेच्या आसपास पत्रं लिहिली.

आता पैसा. चौतीस वर्षांचा रॉबर्ट आईवडिलांकडे राहत होता आणि त्याला स्वतःचं ठरावीक उत्पन्न नव्हतं. प्रवासासाठी त्याने वडिलांकडून शंभर पौंड उसने घेतले. एलिझाबेथच्या नावावर वारशाने आलेले आठेक हजार पौंड होते, त्याच्या व्याजावर संसार उभा राहिला. लग्न होताच बायकोची मालमत्ता नवऱ्याची होण्याचा तो काळ. आपला तिच्या पैशावर डोळा आहे असं कुणी म्हणू नये म्हणून, तिच्या मागे ते धन तिच्या भावंडांना जावं असं तिने लिहून ठेवावं, हा आग्रह रॉबर्टनेच धरला. त्याच्या या स्वच्छपणाला तोड नाही. पण घर तिच्या पैशावर चाललं, हे नाटक पाहून कुणाच्या लक्षात येत नाही.

आणि धैर्य. लग्नाच्या थोडे दिवस आधी तिचा फ्लश हा कुत्रा चोरांनी पळवला. लंडनमध्ये कुत्रे पळवून खंडणी मागणाऱ्या टोळ्या होत्या आणि फ्लश या आधीही पळवला गेला होता. खंडणी देऊ नये असं वडिलांचं मत होतं. रॉबर्टचंही तेच मत होतं. तिने दोघांचंही ऐकलं नाही. वर्षानुवर्षं खोलीबाहेर फारशी न पडलेली ही बाई विल्सन या दासीला घेऊन घोडागाडीने लंडनच्या पूर्व भागातल्या गुंडांच्या वस्तीत गेली. अखेर सहा गिनी मोजून फ्लश परत आला. खंडणी देणं चूक की बरोबर यावर दोघांची पत्रांतून चांगलीच जुंपली. लग्नाआधीच्या या भांडणात पुढच्या संसाराचं बीज दिसतं: तत्त्व म्हटलं की तो हटत नसे, आणि जिवाची गोष्ट असली की ती हटत नसे.

लग्नानंतरचा आठवडा तर नाटकातल्या कुठल्याही प्रवेशापेक्षा ताणलेला आहे. चर्चमधून ती घरी आली, अंगठी काढून ठेवली आणि सात दिवस त्याच घरात, त्याच माणसांत, काही घडलंच नाही अशी राहिली. रॉबर्ट त्या आठवड्यात एकदाही आला नाही, कारण दारावर येऊन 'मिस बॅरेट' घरी आहेत का असं विचारणं आता खोटं बोलणं झालं असतं. 19 सप्टेंबरला ती विल्सन आणि फ्लश यांना घेऊन निघाली. भूमिका करणाऱ्या नटीने हा आठवडा मनात ठेवला तर तिची एलिझाबेथ शेवटच्या अंकात आधार शोधणारी दिसणार नाही.

लग्नानंतर दोघं सुखी होते का? मतभेद होते असं ऐकलं आहे.

प्रेम अखेरपर्यंत होतं आणि मतभेदही अखेरपर्यंत होते.

पिसामार्गे ते फ्लॉरेन्सला आले आणि कासा ग्विदी या वास्तूत त्यांनी बिऱ्हाड केलं. एलिझाबेथची तब्येत सुधारली, ती हिंडूफिरू लागली. गर्भपात सोसल्यावर 9 मार्च 1849 रोजी, त्रेचाळिसाव्या वर्षी, तिला मुलगा झाला. त्याला सगळे पेन म्हणत. त्यानंतर काही दिवसांतच रॉबर्टची आई लंडनमध्ये वारली. मुलाच्या जन्माचा आनंद आणि आईला शेवटचं न पाहिल्याचा शोक एकाच महिन्यात आला आणि रॉबर्ट कित्येक महिने त्यातून वर आला नाही.

सर्वांत कडवा वाद परलोकविद्येवरून झाला. मृतांशी बोलणं करून देणाऱ्या माध्यमांचं तेव्हा युरोपभर पेव फुटलं होतं. 1855 साली लंडनजवळ ईलिंगला डॅनियल डंगलस होम या माध्यमाच्या बैठकीला दोघं गेले. अंधारात एक पुष्पमुकुट उचलला गेला आणि एलिझाबेथच्या डोक्यावर ठेवला गेला. तिला तो आत्म्यांचा स्पर्श वाटला, रॉबर्टला उघड लबाडी दिसली. त्यानंतर होमचं नाव काढलं की रॉबर्टचा तोल जात असे. त्या माणसाचं वाभाडं काढणारी त्याची दीर्घ कविता 1864 साली छापली गेली, म्हणजे ती गेल्यावर.

तिच्या ओढीचं कारण समजून घ्यायला हवं. 1840 साली तिचा लाडका भाऊ एडवर्ड टॉर्कीला समुद्रात बुडाला. तिच्या आग्रहाखातर तो तिथे थांबला होता. ते दुःख तिने जन्मभर मनात बाळगलं. ज्याचा निरोपही घेता आला नाही त्याचा एखादा शब्द ऐकू येईल, या आशेला भाबडेपणा म्हणून बाजूला सारणं मला पटत नाही.

फ्रान्सचा सम्राट तिसरा नेपोलियन इटलीला स्वातंत्र्य देईल यावर तिचा विश्वास होता, रॉबर्टचा नव्हता. मुलाला ती लांब कुरळे केस आणि मखमली, लेसचे कपडे ठेवी, रॉबर्टला ते आवडत नसे. ती गेल्यावर थोड्याच दिवसांत त्याने पेनचे केस कापवले. शिवाय अफूचा अर्क ती तरुणपणापासून औषध म्हणून घेत होती. रॉबर्टने तो कमी करायला लावला, पण तो पूर्ण सुटला नाही.

माझ्या मते मात्र खरा पेच कामाचा होता, आणि त्यावर फार कमी बोललं जातं. रॉबर्टने 1855 साली 'मेन अँड विमेन' हा संग्रह काढला. आज तो इंग्रजी कवितेतला मैलाचा दगड मानला जातो, पण तेव्हा त्याची उपेक्षा झाली आणि तो मनातून खचला. पुढच्याच वर्षाच्या अखेरीस तिचं 'ऑरोरा ली' हे दीर्घ काव्य आलं आणि आवृत्त्यांवर आवृत्त्या निघाल्या. 1850 साली वर्डस्वर्थ गेल्यावर राजकवीच्या पदासाठी तिचं नाव पुढे आलं होतं, पद टेनिसनला मिळालं. एकाच घरात दोन कवी, त्यातली बायको गाजलेली आणि नवरा न वाचला जाणारा. 1850च्या दशकात किती पुरुषांनी हे सहन केलं असतं? रॉबर्टने तिच्या यशाचा मत्सर केल्याचा मागमूस त्याच्या पत्रांत नाही, उलट तिच्या पुस्तकाचं कौतुक तो सगळ्यांना सांगत फिरे. पण त्या वर्षांत त्याने फार कमी लिहिलं आणि चिकणमातीची शिल्पं करण्यात तासन् तास घालवले, हेही खरं आहे.

या संसाराला 'मोडका' म्हणणाऱ्यांशीही माझं पटत नाही आणि 'परीकथा' म्हणणाऱ्यांशीही. 29 जून 1861 रोजी पहाटे ती रॉबर्टच्या मिठीत गेली. कसं वाटतंय, या त्याच्या प्रश्नाला तिने दिलेलं 'सुंदर' हे शेवटचं उत्तर त्यानेच नोंदवून ठेवलं आहे. त्याने फ्लॉरेन्स सोडलं ते कायमचं. अठ्ठावीस वर्षांनी, 1889 साली, एडवर्ड फिट्झजेराल्ड या कवीच्या छापलेल्या पत्रांत तिच्या मृत्यूने सुटका झाल्यासारखं वाटलं अशा अर्थाचं वाक्य त्याच्या वाचनात आलं. फिट्झजेराल्ड तोवर वारला होता. सत्त्याहत्तर वर्षांच्या रॉबर्टने त्यावर इतकी जळजळीत कविता छापली की मित्रही चपापले. त्याच डिसेंबरात तो व्हेनिसमध्ये वारला.

विल्सन ही दासी खरी होती का?

हो. एलिझाबेथ विल्सन. लग्नाची एक साक्षीदार तीच. बाई पळून गेली तर दासीची नोकरी आणि अब्रू दोन्ही जाणार हे माहीत असूनही ती बरोबर निघाली. पुढे तिने ब्राउनिंगांकडच्याच इटालियन नोकराशी लग्न केलं, आणि स्वतःचं पहिलं बाळ इंग्लंडमध्ये बहिणीकडे ठेवून तिला मालकिणीबरोबर इटलीला परतावं लागलं. स्त्रियांच्या हक्कांबद्दल इतकं तळमळीने लिहिणाऱ्या कवयित्रीला आपल्या दासीचं हे दुःख पुरतं दिसलं नाही, याचं मला फार वाईट वाटतं. नाटकात तिला थोडीच वाक्यं आहेत. दिग्दर्शकाने ती कापू नयेत.

घरात इतका पैसा कुठून आला? नाटकात स्पष्ट होत नाही.

जमैकातल्या उसाच्या मळ्यांतून, म्हणजे गुलामांच्या श्रमांतून. एलिझाबेथला याची लाज होती. पळून गेल्यावर पिसामध्ये तिने जी पहिली मोठी कविता पूर्ण केली ती एका पळून आलेल्या गुलाम स्त्रीच्या तोंडची आहे.

नाटक आधी कुठे झालं आणि इतकं गाजलं कसं?

ऑगस्ट 1930मध्ये मॉल्व्हर्न महोत्सवात बॅरी जॅक्सन यांनी ते पहिल्यांदा केलं. ग्वेन फ्रँकन-डेव्हिस एलिझाबेथ झाल्या आणि सेड्रिक हार्डविक बाप. पुढच्याच महिन्यात ते लंडनला आलं आणि पाचशेहून अधिक प्रयोग झाले. अमेरिकेत अनेक निर्मात्यांनी संहिता परत केली होती. अखेर कॅथरीन कॉर्नेल यांनी ती हाती घेतली आणि फेब्रुवारी 1931मध्ये ब्रॉडवेवर स्वतः एलिझाबेथ झाल्या. दिग्दर्शन त्यांचे पती गथ्री मॅक्लिंटिक यांचं होतं.

दौऱ्याची नाटकं करणाऱ्यांना आवडेल असा किस्सा 1933च्या नाताळातला आहे. पावसापुरामुळे कंपनीची गाडी सिएटलला रात्री अकरा वाजून गेल्यावर पोहोचली. प्रेक्षक उठून गेले नव्हते. सामान उतरवून, नेपथ्य लावून रात्री एकच्या सुमारास पडदा उघडला आणि नाटक पहाटे संपलं. 1944 साली याच कॉर्नेल इटलीत युद्धावरच्या सैनिकांसमोर हे नाटक घेऊन गेल्या. शिपायांना हे जुन्या काळचं नाटक कंटाळवाणं वाटेल ही लष्करातल्यांची भीती खोटी ठरली.

चित्रपट कोणता पाहावा?

1934चा. नॉर्मा शिअरर, फ्रेड्रिक मार्च आणि बापाच्या भूमिकेत चार्ल्स लॉटन. दिग्दर्शक सिडनी फ्रँकलिन यांनीच 1957 साली तो पुन्हा केला, पण त्यात पहिल्याची धार नाही. 1964 साली लंडनमध्ये या कथेवर संगीत नाटकही आलं आणि नऊशेहून अधिक प्रयोग चाललं.

रंगमंचावर खरा कुत्रा लागतो का?

लागतो. शेवटी बाप फ्लशला मारून टाकायचा हुकूम सोडतो आणि हेन्रिएटा त्याला सांगते की ती फ्लशलाही घेऊन गेली आहे. आधी प्रेक्षकांनी त्याला पाहून त्याच्यावर जीव लावला असेल तरच हा घाव बसतो.

प्रयोगाआधी कोणत्या कविता वाचाव्यात?

एलिझाबेथच्या पोर्तुगीज म्हणून प्रसिद्ध झालेल्या चव्वेचाळीस सुनीतांपासून सुरुवात करा. ती प्रेमाच्या काळातच लिहिली होती, पण तिने ती रॉबर्टला लग्नानंतर तीन वर्षांनी दाखवली. खाजगीपणा झाकण्यासाठी भाषांतर असल्याचा बहाणा केला गेला. केशवसुतांनी हा चौदा ओळींचा प्रकार मराठीत रुजवला, त्यामुळे त्याची चाल आपल्या कानाला परकी नाही. मग 'ऑरोरा ली'चा निदान पहिला भाग वाचा, त्यातली चिडलेली, हुशार मुलगी तुम्हाला सोफ्यावरची एलिझाबेथ समजावून देईल.

रॉबर्टची 'माय लास्ट डचेस' आपल्याकडे इंग्रजी साहित्याच्या विद्यार्थ्यांना पाठ असते. ती त्याने एलिझाबेथला भेटण्याआधी लिहिली. संसार समजायला 'टू इन द कंपान्या' आणि 'आंद्रेआ देल सार्तो' जास्त उपयोगी पडतात. पहिलीत जोडीदाराशी पुरतं एकरूप होता येत नाही याची हुरहुर आहे, दुसरीत बायकोपुढे हतबल झालेला चित्रकार. या कवितांतलं सगळं घरचंच आहे असं मानू नका. तो इतरांच्या तोंडून बोलणारा कवी होता.

मराठीत अनुवाद करून प्रयोग करायचा असेल तर परवानगी कुणाची?

बेसियर 1942 साली वारले. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षं हक्क राहतात, म्हणजे 2003 सालापासून मूळ नाटक आपल्याकडे मुक्त आहे. मात्र दुसऱ्या कुणाचा छापील अनुवाद किंवा चित्रपटाची पटकथा वापरायची असेल तर तिचे हक्क वेगळे. महाराष्ट्रात जाहीर प्रयोगासाठी संहिता रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडे पाठवून प्रमाणपत्र घ्यावं लागतं, त्यासाठी हाताशी वेळ ठेवा.

संहिता लांब आहे आणि पात्रं पंधराहून जास्त. सहा भावांपैकी दोघातिघांना एकत्र करता येतं. तोतरा ऑक्टेव्हियस तेवढा ठेवा, बापासमोर त्याची जीभ अडखळते तेव्हा घरातली दहशत वेगळी सांगावी लागत नाही. आणि कथा पुण्यामुंबईच्या वाड्यात आणू नका. जमैकाचा पैसा, इटलीची ओढ आणि लंडनचं धुकं काढून घेतलं तर उरतो तो फक्त कडक बाप, आणि तेवढ्यासाठी हे नाटक निवडायची गरज नाही.